शेवटच्या पानावरचा इंजिनियर

८ एप्रिल

तिसऱ्या वर्षाच्या पोरांना आज पुन्हा तेच सांगितलं — सापडलं म्हणजे खरं नव्हे! कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला कसं कळलं, हे विचारल्याशिवाय काहीही जसंच्या तसं उतरवून घ्यायचं नाही. पोरांनी तेच जसंच्या तसं उतरवून घेतलं. एकीने तर खाली माझं नाव घातलं. हात टेकले मी.

दुपारी उम्सुनायचा फोन. धाकटीला माझी आठवण काम असलं की येते. तिचा नवरा जोलचू सहा वर्षं रशियात विटा रचून परत आलाय, आणि त्याला तळ्याखालच्या नव्या वस्तीत जागा मिळालीय, ओढ्याच्या अगदी काठाला. लग्न झाल्यापासून बिचारी सासूच्या घरात एका खोलीत संसार करतेय. आनंदाने रडत होती. नवऱ्याला मध्येच ओरडत होती, मध्येच हसत होती. मग हळूच, ताईला लाडीगोडी लावत — 'एजे, लोक म्हणतात वरच्या तळ्याचा बांध कच्चा आहे. तू जरा तुझ्या मशीनमध्ये बघ ना. तू हो म्हणालीस तरच पाया घालू.'

मशीन म्हणे! कोण लोक, विचारलं. 'सगळेच.' सगळेच नावाचा लेखक मला अजून कुठल्याच डेटाबेसमध्ये भेटलेला नाही. पण बघते म्हटलं. भाची ऐपेरी लहान आहे, पाण्याशी खेळ नको.

१० एप्रिल

वाचनालयात सकाळी चिटपाखरू नव्हतं. चहा घेऊन बसले. नुसतं 'तळं' टाकलं की जगभरची तळी अंगावर येतात, हे पोरांना रोज सांगते — आणि स्वतः पहिल्यांदा तेच टाकलं! मग शहाणी झाले. गावाचं नाव, बांध, गळती, पूर. किर्गीझमध्ये, रशियनमध्ये, इंग्रजीत.

अकरा लेख निघाले! आमच्या सारी-बेलच्या तळ्यावर कुणी एवढं लिहून ठेवलं असेल असं स्वप्नातही नव्हतं. दोन तर परदेशातल्या बऱ्या नियतकालिकांत, तज्ज्ञांनी तपासून छापलेले. सगळ्यांचा सूर एकच — बांध मजबूत, गळती मर्यादेत. बांधाच्या पोटात लोखंडी नळ आहे, त्यातून तळ्याचं जादा पाणी बाहेर पडतं, तोच खाली आपला ओढा. इतकी वर्षं त्याचं पाणी प्यायले, आज कळलं तो कुठून येतो.

विरुद्ध बाजूला एकच कपटा. आमच्या जिल्हा वर्तमानपत्राचा १९५८ चा अंक. तेव्हाचा मातीचा बांध फुटला त्याची चार ओळींची बातमी, शेवटी कुण्या बाईचं बोलणं — त्या दिवशी सकाळी ओढा एकाएकी आटला, बायकापोरं टोपल्या घेऊन मासे वेचायला पात्रात उतरली, दुपारी पाणी आलं. बाईचं नाव नाही. बातमीदाराचं नाव नाही. दुसरीकडे कुठे उल्लेख नाही.

एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला टोपलीतले मासे.

१२ एप्रिल

ती मासेवाली बातमी वर्गात दाखवली — कमकुवत पुरावा कसा ओळखावा त्याचा नमुना म्हणून. पोरं खूष. एकाने विचारलं, 'बाई, ओढा आटला म्हणजे पाणी कमी झालं, मग पूर कुठून आला?' बघा! डोकं आहे म्हटलं एकाला तरी. ऐकीव गोष्टीत अशी विसंगती नेहमी सापडते, मी सांगितलं.

संध्याकाळी उम्सुनायला फोन केला. घाल पाया. अकरा ठिकाणी तपासलंय. ती फोनवरच नाचली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या विद्येचा घरात कुणाला काही उपयोग झाला.

१६ मे

काय हे ऊन! मे महिन्यात खिडकीवर पांघरूण लावावं लागलं. डोंगरावरचा बर्फ भराभरा उतरतोय. पुलावरून येताना ओढ्याचा आवाज एवढा होता की शेजारीण काय बोलत होती ते ऐकूच आलं नाही.

२५ मे

आज उम्सुनायच्या घरावर छप्पर चढलं. मेंढी कापली. मधल्या तुळईला सुतारासाठी नवं कापड बांधलं, सुताराने वर चढून ते सोडलं आणि खिशात घातलं, सगळे ओरडले. उम्सुनाय बोर्सोकचे पिठाचे तुकडे तळता तळता दर पाच मिनिटांनी उठून भिंतींना हात लावून यायची. ऐपेरीने खडूने दारावर स्वतःची उंची आखली. घराला अजून दार नीट बसलेलं नाही, पण पोरीची रेघ आधी!

मानाचं हाड जोलचूने माझ्या ताटात वाढलं. मग उभा राहिला भाषणाला. 'आमच्या कालिपा एजेंनी अकरा शास्त्रज्ञांना उलटं टांगून विचारलं! त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी एक वीट लावली नाही.' मी म्हटलं बस खाली, चहा सांडतोय तुझा.

निघताना पलीकडच्या घरातली बाई जवळ आली, कडेवर पोर. 'तुम्हीच ना ग्रंथालयवाल्या? आम्ही जागा परत करणार होतो. तुमचं ऐकलं म्हणून राहिलो. या ओळीत सगळ्यांनीच.'

तेव्हा हसले. पण मी फक्त बहिणीला सांगितलं होतं.

२९ मे

पुढच्या आठवड्यात शिक्षकांचा वर्ग घ्यायचाय — तळटिपा धरून उलटं कसं जायचं, मूळ कसं गाठायचं. उदाहरण हवं होतं. म्हटलं तेच अकरा लेख घेऊ, तयारच आहेत.

फळ्यावर लेखांची नावं लिहिली आणि कुणी कुणाचा आधार घेतलाय त्याचे बाण काढत गेले. तीन लेख एका पुस्तकाकडे. चार लेख त्या तिघांकडे. परदेशातले दोन आमच्या राजधानीतल्या एकाकडे. उरलेले एकमेकांकडे. आणि शेवटी — सगळेच्या सगळे एकाच अहवालाकडे! विभागीय प्रयोगशाळा, ऑगस्ट २०१३ ची मोजणी, सही मुख्य इंजिनियर सातिबाल्दी जानिशेव.

मला वाटलं होतं अकरा माणसं बोलतायत. एकच माणूस अकरा खोल्यांतून बोलत होता.

आणि मी — मी! — पोरांना शिकवणारी, नुसती डोकी मोजून मोकळी झाले. मूळ बघितलंच नाही. घाई झाली होती, बहीण रडत होती. असो. एकच मोजणी असली तरी खरी असेल तर पुरे आहे. इंजिनियर जिवंत असेल तर त्यालाच विचारते.

३ जून

प्रयोगशाळेत फोन. कोवळ्या आवाजाची मुलगी. 'जानिशेव? ते कधीच गेले.' गेले म्हणजे काय गं, दुसरीकडे की निवृत्त? 'मी नवीन आहे, एजे. इथे त्यांना ओळखणारं कुणी उरलं नाही.'

सांगायची पद्धत!

५ जून



नाव टाकून शोधलं तर त्याचे अहवालच येतात, बाकी काही नाही. मग आई आठवली. आई वर्तमानपत्र मागून वाचायची. आमच्याकडे सगळेच तसे वाचतात — आधी शेवटचं पान, कोण गेलं, कुणी शोक छापला, कुणी छापला नाही. ज्याने छापला नाही त्याच्याकडे पुढे दोन वर्षं चहाला जायचं नाही! शिपाई गेला तरी कचेरी छापते. मुख्य इंजिनियर गेला आणि छापलं नाही असं या गावात होणं शक्यच नाही. पण अंक स्कॅन करणाऱ्या ठेकेदाराने शोकसंदेश 'बातमी नव्हे' म्हणून शोधात घेतलेच नाहीत. पानाचं चित्र आहे, पण शब्द सापडत नाहीत. बघायचं तर डोळ्यांनी.

डोळ्यांनी बघितलं. अंकामागून अंक, शेवटचं पान. मेलेल्यांची केवढी गर्दी. ओळखीचेही भेटले.

मार्च २०११. 'आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य इंजिनियर सातिबाल्दी जानिशेव यांच्या अकाली निधनाने...' खाली प्रयोगशाळेचं नाव, कर्मचाऱ्यांची नावं, सगळं रीतसर. तरी मला वाटलं त्याच नावाचा दुसरा कुणी असेल. पुढल्या वर्षीचा मार्च काढला. तिथे बायकोने दिलेलं आशचं बोलावणं — वर्षाचं जेवण, घराचा पत्ता, 'मुख्य इंजिनियर' म्हणून हुद्दा. शंकेला जागाच नाही.

म्हणजे वर्षाचं जेवण जेवून लोक घरी गेले, आणि त्यानंतर हा माणूस बांधावर उभा राहून गळती मोजतोय!

त्याचा जुना अहवाल काढला, २००८ चा. शेजारी २०१३ चा ठेवला. आकडे तेच. दशांशाच्या पुढचेसुद्धा तेच. फक्त तारीख वेगळी. वर कुणी गेलेलंच नाही. इतकी वर्षं वर कुणीच गेलेलं नाही, आणि खाली माझ्या बहिणीने भिंतींना चुना लावलाय.

६ जून

आमचे संचालक तुर्दुबेक असानोविच. सगळं त्यांच्या टेबलावर मांडलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

'कालिपा जुमाबायेव्ना, तुम्ही ग्रंथपाल की पोलीस?'

मी म्हटलं, मी ग्रंथपाल आहे, म्हणूनच कळलं.

'अकरा लेखांचे लेखक मूर्ख, आणि तुम्ही शोकसंदेश वाचून शहाण्या. बाहेर कुणाला हे सांगू नका. हसतील.' मग आवाज उतरवून — 'आणि कुणी हसलं नाही, तर जास्त वाईट.'



८ जून

उम्सुनायकडे. गेले तेव्हा ती पडदे शिवत होती. राहायला येऊन आठवडाही झाला नाही. एका दमात सांगून टाकलं — इथून उठा, काही दिवस माझ्याकडे चला, बांध कुणी तपासलेला नाही.

तिने सुई पडद्यात खुपसली. 'तूच म्हणालीस.'

'चुकले मी.'

'चुकले? तुझ्या एका शब्दावर आम्ही सगळं इथे ओतलं, एजे! सासूला काय तोंड दाखवू? तिच्याकडे परत एका खोलीत?'

जोलचू आधी हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग कपाळावर शीर उठली. 'एजे, तुम्ही अकरा छापील लेख दाखवलेत. आता एक मयताची जाहिरात दाखवताय. एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये, हे तुम्हीच शिकवता ना पोरांना? मग आज आम्ही का ठेवावा?'

माझीच चप्पल, माझ्याच डोक्यावर. मी म्हटलं, ऐपेरीला तरी पाठव माझ्याबरोबर. उम्सुनायने पोरीला मागे ओढलं. 'माझ्या घराला अपशकुन करू नकोस. जा तू.'

पुलापर्यंत रडत आले. ओढा काठोकाठ.

१२ जून

आपत्कालीन खात्याला द्यायची फाइल लावली. बाणांचा फळा पुन्हा कागदावर काढला. दोन्ही अहवाल शेजारी शेजारी. शोकसंदेश, आशचं बोलावणं.

१९५८ ची ती मासेवाली बातमीही पुढ्यात होती. आज तिचा अर्थ लागला! नळ गाळाने बुजला की खालचा ओढा आटणार, आणि पाणी वर साठत जाणार. विसंगती कसली, तोच तर कारभार आहे! बाई खरं सांगत होती. आणि मी वर्गात पोरांना तिच्यावर हसवलं.

तरी फाइलमधून काढून टाकली. बिननावाची बाई, टोपल्या, मासे — साहेब तेवढंच वाचतील आणि बाकीचंही म्हातारीची गोष्ट म्हणून बाजूला सारतील. पुरावा नेटका हवा.

१४ जून

साहेबाने फाइल वजन करावं तशी हातात धरली. तरुण आहे, सभ्य आहे, चहा दिला. 'बाई, यावर मी यंत्रणा हलवली तर वरचे विचारतील आधार काय. माझ्याकडे अकरा प्रकाशित अभ्यास आहेत. तुमच्याकडे?'

तेच अकरा, म्हटलं, एकाच मेलेल्या माणसाचे आहेत!

'तसं एखाद्या लेखात आलंय का कुठे? छापून आलं तर मला बोलता येईल.'

वर जाऊन नुसतं बघून या, म्हटलं. घोड्यावरून एका दिवसाचं काम. 'गाडीला रस्ता नाही, आणि घोड्याची तरतूद नाही.' हे तो अगदी मनापासून, दुःखाने बोलला.

२१ जून

उम्सुनाय फोन उचलत नाही. आज पुन्हा उन्हाने डांबर वितळलं.

२ जुलै

जिल्हा वर्तमानपत्र, पहिलं पान. तळ्याबद्दल अफवा पसरवू नयेत, खात्याचा खुलासा. आणि त्यात — 'स्थानिक विद्यापीठाच्या ग्रंथालयानेही उपलब्ध अकरा अभ्यासांचा आढावा घेतला असून बांधाच्या भक्कमपणाबद्दल दुमत नाही.'

मीच! बारावी मीच झाले. उद्या कुणी शोधायला बसेल, त्याला ही बातमी सापडेल, तो म्हणेल चला, आणखी एक आधार.

खुलासा छापा म्हणून संपादकाकडे गेले. तुर्दुबेक असानोविचांचा फोन माझ्या आधी पोहोचला होता.

६ जुलै

वर घोडा घेऊन जाणारा कुणी आहे का, बाजारात विचारत फिरले. सगळे गवत कापायला गेलेत. एक म्हणाला, पुढच्या पंधरवड्यात बघू.

१० जुलै

उम्सुनाय आली! दारात उभी, हातात जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी. 'रुसवा पुरे, एजे. ऐपेरीचा दात पडला, तुला दाखवायचाय म्हणून जपून ठेवलाय.' मी तिला पोटाशी धरलं. दोघी रडलो, मग दोघी स्वतःलाच हसलो.

घराबद्दल बोलणार नाही असं तिने आधीच कबूल करून घेतलं. केलं कबूल. भीती वाटली, बोलले तर उठून जाईल पुन्हा. पण जाता जाता तीच म्हणाली — जोलचूही मनातून हललाय. गवत कापून झालं की दोघा-तिघांना घेऊन वर जाऊन बघणार आहे. 'तुझ्यासाठी हं. तुझी झोप उडालीय म्हणून.'

रविवारी जेवायला बोलावलंय. महिनाभराने आज भूक लागली. मुरंब्याबरोबर अर्धी रोटी संपवली.

१३ जुलै

उम्सुनायचा आवाजातला निरोप सकाळीच येऊन पडला होता. वर्ग होता, मी आत्ता ऐकला. हसतेय. 'एजे, उद्याची वाट बघू नकोस, आजच ये! ओढा आटलाय, पार कोरडा! अख्खी वस्ती बादल्या घेऊन पात्रात उतरलीय. ऐपेरीने तर फ्रॉकच्या ओच्यात मासे —'

तिला मी मेलेल्या इंजिनियरचं सगळं सांगितलं. माशांचं सांगितलं नाही.

आपत्कालीन खात्याला फोन केला, तर तिथला माणूस विचारतो, ही माहिती कुणाची, दुसऱ्या कुणी दुजोरा दिलाय का.

जोलचूचा फोन बंद. टॅक्सी निघालीय म्हणतात. तिचा फोन वाजतोय, कानाशी धरूनच लिहितेय, हात रिकामा ठेववत नाही. वाजतोय. उचल गं. उचल ना!